गाऱ्हाणे कोणी घातले

ताई,

तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेले नाही. हे मी मिरवायला सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. सकाळी माझ्या दारात पोदेर भोंगा वाजवत येतो, मी सवयीने चार पाव घेते, दोन न्याहारीला संपतात, दोन उरतात. उरलेले संध्याकाळी चहात बुडवून खाते. भांडी घासते. कोणी भेटायला आले की तू कशी गेलीस ते सांगते: गॅसवर चहाचे आदण ठेवले, खाली बसली, ती उठलीच नाही. सांगताना माझा आवाज शेजारच्यांची गाय व्याली हे सांगावे तसाच येतो. आलेली बाई माझ्याकडे पाहत राहते. काय दगड आहे ही, असे तिला वाटत असेल. असेन दगड.

मला एवढेच ठाऊक होते, की तेराव्याच्या आत दादाला एक खरे सांगायचे आहे. चार वर्षे ते राहिले होते. फिजीतल्या त्या गावात गाऱ्हाणे सर्वेशने घातले नव्हते, ताईने घातले होते. एवढेच वाक्य. तू जिवंत असताना, तुझ्यासमोर, चार माणसांत बोलायचे ते वाक्य. ते तोंडातून निघायला तुझा तेरावा उजाडावा लागला.

सर्वेशने तिकिटे पाठवली तेव्हा तू आधी नाहीच म्हणाली होतीस. मांद्र्याच्या अंगणवाडीत तीस वर्षे दुसऱ्यांची पोरे सांभाळून तू आपले हे एक पोर एकटीने वाढवलेस, ते फिजीत मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी झाले, ते आईला आणि मावशीला बोलावते आहे, आणि तुला प्रश्न पडला अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा. त्या कोण आत घेणार? मी म्हटले, मिरच्या आत घ्यायला मांद्र्यात पन्नास माणसे मिळतील, आपल्याला फिजीला न्यायला एकच आहे. तुला ते पटले नाही. पण मला एकटीला सोडायचे तर तुला मुळीच पटेना. धाकटी बहीण साठीला टेकली तरी तिला डिचोलीच्या बाजारात रस्ता ओलांडताना दंडाला धरायचे, हा तुझा नेमच होता. तेव्हा तू आलीस. माझी राखण करायला.

तीन विमाने बदलून आपण उतरलो तर समोर फुलाफुलांचे शर्ट घातलेले चार आडदांड पुरुष गिटार वाजवत गात उभे. तू माझ्या कानात विचारलेस, ह्यांना काय द्यायचे असते? त्यांनी काहीच मागितले नाही. 'बुला, बुला' म्हणाले आणि गात राहिले. तू दोन पावले पुढे गेलीस आणि मागे वळून, अंगणवाडीच्या आवाजात, त्यांना 'बुला' म्हणून आलीस. तिथून परत येईपर्यंत तू एकाही माणसाचा 'बुला' फुकट जाऊ दिला नाहीस. बसमध्ये बसल्यावर रस्त्याने चालणारे लोक हात हलवत, तूही खिडकीतून हात हलवत होतीस. मी म्हटले, अगो, आपण काय निवडणुकीला उभ्या आहोत? तू म्हणालीस, मनीस मान दिता तर घेवंक नाका?

आणि ती कोकमाची सोलां. विमानतळावरच्या अर्जात खाण्याचे काही आणले आहे का, या रकान्यात तू 'नाही' लिहिलेस, कारण सोलां म्हणजे खाणे नव्हे, पित्तावरचे औषध, आणि सुकी सुंगटे म्हणजे कोळंबी नव्हे, मुलासाठी नेलेली आठवण. कानामागे फूल खोवलेली ती तपासणीवाली बाई बॅग उघडते काय आणि तो वास बाहेर येतो काय. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिला मोडकी का होईना हिंदी येत होती. तेवढे पुरे होते तुला. उभ्या उभ्या तू तिला सोलकढीची कृती सांगितलीस, नारळाचा पहिला रस कधी घालायचा तेसुद्धा. ती हसत हसत एकेक पुडी बाजूला काढत होती, तू हसत हसत भांडत होतीस. दंड काही केला नाही तिने. 'सॉरी माँजी' म्हणाली आणि सगळे ठेवून घेतले. तिने ती टाकली, की घरी नेली, यावर आपला जो वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, सरकारी बाई आहे, नियमाने टाकली असणार. तू म्हणायचीस, तिचे नाक मी पाहिले आहे, तिने त्या रात्री कढी केली. गेल्या महिन्यातही फोनवर आपण यावर पाच मिनिटे घालवली. आता तो वाद घालायला कोणी नाही, म्हणून सांगते: नेली असेल. तुझेच खरे असेल.

तिथला समुद्र, पांढरी वाळू, पाण्याखालचे रंगीत मासे, हे सगळे पाहायला लोक जातात. तू ते पाहिलेस आणि बरे आहे म्हणालीस. मांद्र्याच्या बाईला समुद्राचे काय कौतुक! तू पाहत होतीस ती माणसे. आपल्याकडे तुझ्या अंगणात पर्यटक न विचारता शिरतात, तुळशीचे फोटो काढतात, एकदा एक जण न्हाणीच्या दारापर्यंत आला होता आणि तू त्याला झाडायची वाढवण दाखवली होतीस. म्हणून तिथे तू कुठेही फोटो काढायच्या आधी विचारायचीस. झाडाचासुद्धा काढायचा तर झाडाखाली बसलेल्याला विचारायचीस. आता आपणच ते पर्यटक, शालन, म्हणालीस, आपल्याला कोणी वाढवण दाखवू नये.

मग सर्वेशने ठरवले की आपल्याला एका छोट्या बेटावरच्या खऱ्या गावात न्यायचे. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या सेमीचे गाव. आदल्या दिवशी हॉटेलात लग्नाची मोठी पार्टी आली आणि सर्वेशला सुट्टी मिळाली नाही. सेमी म्हणाला, मी नेतो दोघींना. बंदरावरच्या बाजारात त्याने तुला सुक्या मुळांची एक जुडी घ्यायला लावली. यंगोना म्हणतात त्या मुळांना, त्यांचे पेय करतात. गावात पाऊल ठेवले की ही जुडी गावच्या मोठ्या माणसापुढे ठेवायची, कोण कुठचे ते सांगायचे, आणि आत यायची परवानगी मागायची. दिली तर फिरायचे. सेमीने हे समजावले, आणि तू बाजाराच्या मध्यावर थांबलीस. म्हणालीस, "हें म्हणजे गाऱ्हाणेंच न्हय गो?"

मयेच्या आपल्या माहेरच्या घरात गाऱ्हाणे म्हणजे काय, ते तुला मी काय सांगू! बाबा घालायचे. चवथीला आरती झाली की फळाफुलांच्या माटोळीखाली गणपतीसमोर उभे राहून देवाशी बोलायचे, घरच्या एकेकाचे नाव घेऊन, कोणाचे दुखणे, कोणाची परीक्षा, कोणाचे लग्न जमत नाही, सगळे त्याच्या कानावर घालायचे, आणि वाक्यावाक्याला आपण मागून 'होय म्हाराजा' म्हणायचे. तू लहानपणापासून पहिल्या रांगेत. बाबा गेल्यावर ते दादाकडे आले. दादा अडखळतो. कुळपुरुषाचे नाव विसरतो, मग मागच्या बायकांतून तुझा आवाज येतो, 'दामू, पयलें मूळपुरुसाचें घे.' अख्ख्या घरात ते गाऱ्हाणे अथपासून इतिपर्यंत एकाच माणसाला पाठ होते, आणि ते माणूस बाई होते, वर विधवा.

फिजीला जायच्या आदल्या चवथीला तू दादाला सरळ विचारले होतेस, यंदा मी घालू? दादा हसला. मग त्याला कळले की तू थट्टा करत नाहीस. तो म्हणाला, हे दादल्यांचे काम, आमच्या घरात बायलांनी कधी घातलेले नाही, लोक काय म्हणतील. तू ताटावर बसली होतीस ती उठलीस आणि न जेवता मांद्र्याची बस धरलीस. पाच-सहा महिने तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला नाहीत. मध्ये मी. इकडचे तिकडे सांगून, निम्मे गाळून, निम्मे पदरचे घालून मी तुम्हाला पुन्हा बोलते केले होते. हे इथे सांगते आहे कारण पुढे मी जे केले त्याला माझ्याकडे दुसरे कारण नाही.

त्या गावात होडीतून उतरून आपण चपला काढल्या. सेमीने सांगितले, छत्री मिटा, पिशवी खांद्यावर नको, हातात धरा. तू माझ्याआधी धरलीस. सभेच्या घरात चटया अंथरलेल्या, समोर पाच-सहा वयस्क पुरुष मांडी घालून, मध्ये मोठे लाकडी पात्र. आपण दोघी नऊवारी नाही तरी सुती साड्यांत, पदर घेऊन, खाली बसलो. सेमीने जुडी पुढे ठेवली आणि त्याच्या भाषेत बोलायला लागला. एक अक्षर कळत नव्हते, पण चाल कळत होती. तो थोडे बोलायचा, समोरचे पुरुष तोंडातल्या तोंडात हुंकार द्यायचे, पुन्हा तो बोलायचा. शेवटी सगळ्यांनी ओंजळी पोकळ करून टाळ्या वाजवल्या. तू माझ्या मांडीवर हात दाबलास.

मग त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा काहीतरी म्हणाला, आणि सेमीने आपल्याकडे वळून सांगितले, पाहुण्यांना आपल्या भाषेत काही बोलायचे असेल तर बोलावे. त्याला अपेक्षित होते 'थँक यू'. तू उठून उभी राहिलीस. सेमी गडबडला, कारण तिथे बसूनच बोलायचे असते. म्हाताऱ्याने हाताने त्याला थांबवले. तू हात जोडलेस, डोळे मिटलेस.

"बा हे गावच्या देवा म्हाराजा. तुजें नांव म्हाका खबर ना, पूण तूं हांगा आसा तें खबर आसा. आमी दोगी भयणी, गोंयच्या मये गावांतल्यो, तुजे शिंवेच्या भितर आयल्यांत. आमी पळोवंक आयल्यांत, व्हरूंक न्हय. चुकलें माकलें पदरांत घे."

पाहायला आलो आहोत, न्यायला नाही, असे सांगून तू थांबलीस. तू डोळा उघडून माझ्याकडे पाहिलेस. मग मी म्हटले, होय म्हाराजा. माझा आवाज बेडकासारखा निघाला.

तू पुढे गेलीस. माझा पूत इथे रांधतो, त्याच्या हाताला यश दे. या धाकट्या बहिणीच्या गुडघ्यांना बळ दे. माझा भाऊ दामू घरी आहे, त्याच्या बागायतीवर तुझीही नजर असू दे, समुद्र एकच आहे. ज्याने तुला न जेवता उठवले त्याचे नाव तू तिथे, पृथ्वीच्या पलीकडे, अनोळखी देवापुढे घेतलेस. तिसऱ्या वाक्याला माझ्याबरोबर त्या पुरुषांचा हुंकार आला. पाचव्याला सेमी म्हणाला, आठव्याला सगळे घर म्हणाले, आपापल्या उच्चाराने, होय म्हाराजा. तू एकदाही अडखळली नाहीस. बाबांसारखी शेवटची ओळ खाली उतरवलीस आणि बसलीस. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की मी तुझ्याकडे पाहिलेच नाही. हे तुला कधी बोलले नाही.

त्यानंतर आपली फजिती. त्या मुळांचे मातकट पाणी करवंटीतून द्यायला एक जण आला. करवंटी हातात घेऊन एका घोटात प्यायची असते. तू उजव्या हाताचा पसा पुढे केलास, डावा खाली धरून, देवळात धरतो तसा. तो बिचारा गोंधळला, पण त्याने ओतले. तू तीर्थ म्हणून प्यालीस, ओला हात डोळ्यांना लावलास आणि डोक्यावरून फिरवलास, आणि उरलेले कोपरावरून साडीवर ओघळले. तुझे पाहून मीही तेच केले. दारात उभी असलेली बायकापोरे हसायला लागली. सेमीची आई तोंडावर हात दाबून हसत होती. आणि मग त्या म्हाताऱ्याने काय केले? करवंटी बाजूला सारली आणि आपला तळहात पुढे केला. त्याच्याही हातावर ओतावे लागले. तोही प्याला आणि हात डोक्यावरून फिरवला. मग कोणी हसले नाही. जीभ बधिर झाली होती माझी त्या पाण्याने, आत्ता सगळे अंग आहे तशी.

सेमीच्या आईने जेवायला अळूची पाने नारळाच्या रसात शिजवून वाढली. तू चव घेऊन म्हणालीस, आपल्या रानअळूचे तेरेच आहे, आंबट घालायला विसरली. आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलेस की सोलां असती तर! परत येताना होडीत तू लाटांकडे पाहत बसली होतीस. बऱ्याच वेळाने म्हणालीस, "बाबान आयकूंक जाय आसलें." मी म्हटले, दादाने ऐकायला पाहिजे होते. तू म्हणालीस, सांगू ना घरी गेल्यावर. चवथीला सांगू सगळ्यांना. तुझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला नीट आठवते. बाकी फोटो सर्वेशकडे आहेत, हा कुठे नाही.

चवथीला मयेच्या घरी सगळे जमले. चुलत्यांकडचे, त्यांच्या सुना, शेजारी. तू भाजी चिरत बसली होतीस. तुला सांगायची घाई नव्हती, तू योग्य वेळ पाहत होतीस, आधी जुडीचे सांगितलेस, मग चटयांचे, टाळ्यांचे. लोक रंगले होते. आणि दादा सोप्यावरून हसत म्हणाला, मग तुमच्या वतीने गाऱ्हाणे कोणी घातले, तुम्ही दोघी बायलाच ना? हसण्यातच म्हणाला. पण मला त्या हसण्याच्या मागे मागच्या वर्षीचे ताट दिसले. तू सुरी खाली ठेवलीस. तू तोंड उघडणार त्याच्या आधी मी बोलले.

"सर्वेशान घातलें."

लोक म्हणाले, वा, बापाचे नाव राखले पोराने. दादाने मान डोलावली. तू माझ्याकडे पाहिलेस. रागाने नाही. बाजारात हात सुटला की वळून पाहावे, तसे. मग सुरी उचललीस आणि उरलेली भाजी चिरलीस. त्या संध्याकाळी दादा नेहमीसारखा अडखळला आणि मूळपुरुषाचे नाव कोणी मागून सांगितले नाही.

जाताना पायऱ्यांवर तू मला एवढेच विचारलेस, "तूं म्हज्या कुशीकच बशिल्लें न्हय गो तेन्ना?" मी म्हटले, घरात पुन्हा वाद नको म्हणून बोलले. तू म्हणालीस, बरे. आणि चार वर्षांत त्यावर तू एक शब्द काढला नाहीस. पावाचे भाव, माझे गुडघे, सर्वेशचे लग्न, तपासणीवालीने केलेली कढी, सगळ्यावर बोललो. मी दर चवथीला ठरवायचे, आज सांगेन. दर चवथीला घर भरलेले, सगळे हसत, कोणाचे काय बिघडते आहे, असे वाटून गिळायचे. खोटे एकदा पचले की ते पोटात जागा करून राहते. मला माफ कर असे म्हणायला मी चार वर्षांत तीनदा मांद्र्याची बस धरली आणि तिन्ही वेळा तू दिलेली मिरची घेऊन परत आले.

काल तेरावा झाला. मांद्र्याला तुझ्याच घरी. सर्वेश आला आहे फिजीहून, मुंडण केलेले डोके घेऊन माणसांना पाणी देत होता. पाने वाढायच्या आधी दादा देवासमोर उभा राहिला. मी ठरवले होते, तो सुरू करायच्या आत सगळ्यांसमोर बोलायचे. वाक्य पाठ केले होते. तोंड उघडले आणि काही निघाले नाही. दादाने घातले, तुझे नाव घेतले, चुलते म्हणाले होय म्हाराजा, मीही म्हणाले. मग जेवणे झाली. ताई, मी भातावर कढी घेऊन जेवले. इतके सगळे नेहमीसारखे होते.

जेवणानंतर दादा मागच्या पडवीत हात धूत होता. मी पंचा घेऊन उभी होते. आजूबाजूला कोणी नव्हते. मी म्हटले, दादा, फिजीत गाऱ्हाणे सर्वेशने घातले नव्हते. तो त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हताच. ताईने घातले. मी खोटे बोलले होते.

दादाने नळ बंद केला. हात पुसले, बोटे एकेक करून. मग म्हणाला, "म्हाका खबर आसा, शालन."

मला वाटले सर्वेशने सांगितले असेल. तो म्हणाला, नाही. तूच, ताई, सांगितले होतेस. त्याच चवथीच्या दुसऱ्या दिवशी, फोनवर. तिथे काय काय म्हटले ते सगळे त्याला फोनवर म्हणून दाखवलेस, त्याच्या बागायतीचेही. दादा म्हणाला, मी फोन हातात घेऊन माडाखाली बसूनच राहिलो. मग मी तिला म्हटले, ताये, चुकले माझे. पुढच्या चवथीला तूच घाल, कोण काय म्हणतो ते मी पाहतो.

"मागीर?" मी विचारले.

"नाका म्हणाली. म्हणाली, हांव फुडें जालें जाल्यार फिजीची गजाल परत निघतली. शालनान सगळ्यां मुखार सांगलां सर्वेशान घातलें म्हण. तें फटिंग पडटलें. ताका नाका तें."

तू पुढे झालीस की फिजीची गोष्ट पुन्हा निघेल आणि चारचौघांत मी खोटी पडेन, म्हणून. दादा म्हणाला, तिने मला शपथ घातली होती, शालनला सांगायचे नाही म्हणून. मी दर वर्षी विचारले. तिन्ही वर्षे. दर वर्षी तिचे एकच, शालन फटिंग पडटलें. मग तो म्हणाला, शालन, तू लवकर बोलायला हवे होतेस, आणि लगेच म्हणाला, मीसुद्धा. आणि आत गेला. त्याचे डोळे भरले होते. माझे काल भरले नाहीत, आज हे लिहिताना भरत नाहीत. हात मात्र दुखतो आहे.

तीन चवथी, ताई. दादा पुढे उभा राहून अडखळत होता, आणि तू मागे बायकांत माझ्या शेजारी. मला वाटायचे, हिला कोणी पुढे बोलावत नाही. मागच्या चवथीला तर तुझी इतकी कीव आली की गाऱ्हाणे चालू असताना मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तू जराशी माझ्याकडे सरकलीस, आणि पुढचे 'होय म्हाराजा' आपण दोघींनी मिळून म्हटले.